कागद पोचल्याशिवाय पैसे नाहीत

सरकारी विम्याच्या रुग्णाला त्याच्या आरोग्याच्या नोंदी हाती कशा मिळतील, यावर बोलताना अमेरिकेतल्या एका सरकारी नियमाचा किस्सा सांगण्यासारखा आहे. 2009 च्या कायद्यानंतर तिथल्या सरकारने डॉक्टरांना आणि रुग्णालयांना संगणकावर नोंदी ठेवण्यासाठी भरघोस पैसे द्यायला सुरुवात केली. पुढच्या टप्प्यात त्याला एक अट जोडली गेली. रुग्णांपैकी 5 टक्क्यांहून अधिक लोकांनी स्वतःची नोंद ऑनलाइन उघडलेली दिसली पाहिजे. शंभरात पाच-सहा माणसं. तरी ओरड झाली. रुग्णच बघत नाहीत, त्याला आम्ही काय करणार, असा एकूण सूर. शेवटी 2015 मध्ये ती अट खाली आली, ती थेट एका रुग्णावर. ठरलेल्या मुदतीत एका जणाने जरी नोंद उघडली तरी रुग्णालय पास. कर्मचाऱ्याची मावशी दाखल असली तरी भागण्यासारखं होतं.

त्याच अनुदानाची दुसरी बाजू मात्र कमालीची फळली. 2008 मध्ये तिथल्या शंभर रुग्णालयांपैकी दहासुद्धा संगणकावर नीट नोंदी ठेवत नव्हती. 2015 पर्यंत हा आकडा ऐंशीच्या वर गेला. संगणक वापरला तर पैसे, नाही वापरला तर पुढे कपात, हे गणित कुणालाही कळतं. रुग्णाला त्याची नोंद दाखवण्याचं गणित इतक्या कडकपणे मांडलंच गेलं नाही, आणि जेवढं मांडलं होतं तेवढंही पहिल्या ओरडीत मागे घेतलं गेलं.

सरकारी विम्याच्या रुग्णाला त्याच्या आरोग्याच्या नोंदी मोबाइलवर मिळाव्यात, याला आज उघड विरोध कुणीच करत नाही. सरकारं ॲप काढतात, उद्घाटनं होतात, किती लोकांनी डाउनलोड केलं त्याचे आकडे येतात. रुग्ण मात्र कागदांची पिशवी घेऊन एका दवाखान्यातून दुसऱ्यात फिरतच राहतो. माझं म्हणणं सरळ आहे. ही नोंद रुग्णालयाच्या बिलाला बांधा. रुग्णाच्या हाती त्याचे कागद पोचल्याशिवाय सरकारी विम्याचा पैसा रुग्णालयाला मिळणार नाही, असं ठरवा. बाकी सगळं त्यानंतर.

ही मागणी टोकाची वाटेल, म्हणून आधी सरकारी विमा आतून कसा चालतो ते पाहू. रुग्ण दाखल झाला की रुग्णालय विमा यंत्रणेकडे पूर्वमंजुरी मागतं. त्यासाठी तपासण्यांचे रिपोर्ट, डॉक्टरांचं टिपण, कधी फोटो अपलोड होतात. ऑपरेशन झाल्यावर त्याच्या नोंदी, नंतरचे रिपोर्ट, डिस्चार्जचा कागद, सगळं पुन्हा अपलोड. मग विमा यंत्रणेचे डॉक्टर ते तपासतात, शंका काढतात, आणि क्लेम पास होतो. म्हणजे स्कॅन करणं, लावून ठेवणं, तपासणं, हे नोंदीचं सगळं कष्टाचं काम आधीच होऊन गेलेलं असतं. कागद रुग्णालयाकडे असतो, विमा यंत्रणेकडे असतो, मधल्या कंपनीकडेही असतो. ज्याच्या पोटावर टाके आहेत तो तेवढा या साखळीत कुठेच नसतो. ‘रुग्णाला नोंद द्यायची म्हणजे रुग्णालयांवर केवढा बोजा’ ही तक्रार सरकारी विम्याच्या बाबतीत म्हणूनच मला पटत नाही. पैशासाठी जे कागद जातात तेच रुग्णालाही जावेत, एवढंच मागणं आहे.

आणि गरज कुणाला जास्त आहे? ज्याचा डॉक्टर वीस वर्षं ठरलेला आहे, त्याचा निम्मा इतिहास डॉक्टरांच्या डोक्यात असतो. सरकारी विम्याच्या रुग्णाचं तसं नसतं. योजनेच्या यादीत जे रुग्णालय असेल तिथे तो जातो. पुढच्या वेळी ते यादीतून बाहेर पडलेलं असतं. कामासाठी गाव सोडावं लागतं. नव्या ठिकाणी पहिला प्रश्न येतो, आधी कोणती औषधं चालू होती? उत्तर असतं, एक पांढरी गोळी आणि एक लहान पिवळी. मग तपासण्या पहिल्यापासून, आणि त्यांचे पैसे पुन्हा त्याच सरकारी तिजोरीतून.

शिवाय एक फायदा असा, ज्याबद्दल कमी बोललं जातं. स्वतःच्या नावावर काय बिल लागलं हे रुग्णाला दिसलं, तर तो सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जाणकार लेखापरीक्षक ठरतो. अमेरिकेची मेडिकेअर ही ज्येष्ठांची विमा योजना आपल्या सभासदांना ठरावीक काळाने खर्चाचा गोषवारा पाठवते आणि न घेतलेली सेवा त्यात दिसली तर कळवा, असं सांगते. भारतात 2023 च्या ऑगस्टमध्ये नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा, म्हणजे कॅगचा, प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेवरचा अहवाल संसदेत आला. आधीच्या उपचारात मृत दाखवलेल्या 3,446 रुग्णांच्या नावावर पुढेही उपचार झाल्याचं दाखवून सुमारे 6.97 कोटी रुपये दिले गेल्याचं त्यात नोंदवलं होतं. क्लेम पडताच त्या घरच्या फोनवर ‘आपल्या नावावर अमुक उपचाराचा दावा आला आहे’ असा साधा संदेश गेला असता, तर लेखापरीक्षकांना इतकं खणावं लागलं नसतं.

आता एक घोटाळा सोडवला पाहिजे, कारण त्यावर बऱ्याच सरकारी घोषणा उभ्या असतात. क्लेमची माहिती आणि आरोग्याची नोंद या वेगळ्या वस्तू आहेत. अमेरिकेत 2010 मध्ये माजी सैनिकांच्या खात्याने ‘ब्लू बटन’ आणलं. बटण दाबा, आपली माहिती उतरवून घ्या. मेडिकेअरनेही ते उचललं. 2018 मध्ये त्याची नवी आवृत्ती आली आणि जवळपास 5 कोटी 30 लाख सभासदांना आपली क्लेमची माहिती आवडीच्या ॲपला जोडता येऊ लागली. 2020 च्या नियमाने गरिबांच्या मेडिकेडलाही आणि मेडिकेअरच्या खासगी योजनांनाही हे बंधनकारक केलं. क्लेमचा निर्णय झाला की एका कामकाजी दिवसात माहिती रुग्णाला उपलब्ध हवी. हे पाऊल खरंच मोठं होतं. पण क्लेम काय सांगतो? अमुक तारखेला तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी झाली, तिचे पैसे दिले. ती 6 आली की 11, हे सांगेलच असं नाही. मधुमेही माणसाला तर तोच आकडा हवा असतो. क्लेम ही हिशेबाची वही आहे, आणि हिशेबाच्या वहीत आजाराचं नाव कधीकधी पैसे कोणत्या खात्यातून निघतात ते पाहून लिहिलेलं असतं.

तैवानने हा गुंता तुलनेने लवकर सोडवला. तिथे 1995 पासून अख्ख्या देशाला एकच सार्वजनिक विमा आहे, त्यामुळे बहुतेक सगळ्या दवाखान्यांचे क्लेम एकाच ठिकाणी जमतात. 2014 मध्ये त्यांनी नागरिकांना ‘माझी आरोग्य पेढी’ अशा अर्थाच्या नावाची सोय दिली. आपण कुठे दाखवलं, कोणती औषधं मिळाली, तपासणीत काय आलं, हे माणसाला स्वतः पाहता येतं. पैसे देणारा एकच असल्यामुळे त्याने कागद मागितले की ते येतात. त्यामागे तंत्रज्ञानाची काही जादू नव्हती.

जिथे हे ऐच्छिक ठेवलं तिथे काय झालं, तेही दिसलं आहे. फ्रान्समध्ये रुग्णाच्या सामायिक नोंदीचा कायदा 2004 मध्ये झाला. ती योजना बसत-उठत राहिली आणि 2022 मध्ये, नकार न देणाऱ्या प्रत्येकाचं खातं आपोआप उघडायचं ठरल्यावर, खऱ्या अर्थाने हलली. जर्मनीत 2021 पासून सरकारी विमा संस्थांनी इलेक्ट्रॉनिक नोंद देणं बंधनकारक होतं, घेणं ऐच्छिक. पहिल्या दोन-तीन वर्षांत शंभरात जेमतेम एकाने ती घेतली. 2025 मध्ये तिथेही नियम उलटा केला. नको म्हणाल तर नाही, एरवी सगळ्यांची.

पण खातं उघडणं ही अर्धीच गोष्ट. ऑस्ट्रेलियाने 2012 मध्ये सुरुवात केली. 2019 च्या जानेवारीत नकाराची मुदत संपली. पंचवीस लाखांच्या आसपास लोकांनी नको म्हटलं आणि उरलेल्यांची खाती तयार झाली. अनेक खाती उघडून बघितली तर रिकामी. डॉक्टर, प्रयोगशाळा, स्कॅन केंद्रं यांनी त्यात काही टाकलंच नव्हतं, कारण टाकलं नाही म्हणून त्यांचं काहीच अडत नव्हतं. 2025 मध्ये तिथल्या संसदेने कायदा बदलला. रक्ताच्या तपासण्या आणि स्कॅन यांचे अहवाल रुग्णाच्या नोंदीत टाकले नाहीत तर त्या तपासणीचा मेडिकेअरचा (तिथल्या सार्वजनिक विम्याचंही नाव हेच) लाभ द्यायचा नाही, अशी तरतूद केली. तेरा वर्षं समजावून झाल्यावर सरकारला आपल्या हातातल्या चेकबुकाची आठवण झाली. सार्वजनिक विमा चालवणाऱ्या प्रत्येक सरकारला ही आठवण जरा लवकर व्हावी, यासाठीच हा लेख.

भारताचं चित्र या सगळ्यांच्या मधलं आहे. 2018 च्या सप्टेंबरमध्ये जन आरोग्य योजना आली, कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण. 2021 च्या सप्टेंबरमध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं. प्रत्येकाला 14 अंकी आभा क्रमांक, म्हणजे आरोग्य खात्याचा क्रमांक, आणि संमती दिली तर एका दवाखान्याची नोंद दुसऱ्याला दिसेल अशी रचना. रचना विचारपूर्वक केलेली आहे, हे मान्य करायलाच हवं. नोंदी एका ठिकाणी न साठवता जिथल्या तिथे ठेवायच्या आणि रुग्णाच्या परवानगीने हलवायच्या, हे डोकं चांगलं आहे. 70 कोटींहून अधिक क्रमांक तयार झाले. पण क्रमांक ही खुंटी. खुंटीवर काही टांगलंय का, ते बघावं लागतं. दवाखान्यांनी नोंदी जोडाव्यात म्हणून 2023 मध्ये प्रोत्साहनाचे पैसेही द्यायला सुरुवात झाली. ज्याला जोडायचंच आहे त्याला त्याची मदत होईल. ज्या रुग्णालयाचे लाखो रुपये क्लेममधून येतात, त्याला नोंदीमागे मिळणाऱ्या फुटकळ रकमेचं काय?

हक्क तसा जुनाच आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमांप्रमाणे रुग्णाने मागणी केल्यावर 72 तासांत नोंदी द्याव्या लागतात. हे किती रुग्णांना ठाऊक असतं? आणि ठाऊक असलं तरी बिनपैशाचा उपचार घेतलेला माणूस डॉक्टरांकडे फाइल मागायला कचरतो. तक्रार करायची आहे का, वकील लावलाय का, अशा नजरेला तोंड द्यावं लागतं. मागितल्यावर मिळणारा हक्क हा मागण्याची हिंमत असलेल्यांचा हक्क होतो. क्लेमला बांधलेली नोंद मागावी लागत नाही, ती येते. नियमात आणि व्यवहारात जो फरक पडतो तो इथेच.

इथपर्यंत मी ‘मोबाइलवर’ हा शब्द सहज वापरला. खरं तर सगळ्यात जास्त अडचण त्यातच आहे. कॅगच्या त्याच अहवालातली एक ओळ गाजली होती. योजनेचे सुमारे साडेसात लाख लाभार्थी एकाच मोबाइल क्रमांकाला जोडलेले सापडले. क्रमांक होता 9999999999. ओळख पटवायला मोबाइल क्रमांक लागत नाही, असा खुलासा त्यावर झाला, आणि तो खराही असेल. पण ते नऊ कुणी आणि का टाकले असतील, याचा विचार करा. रकाना भरायचा असणार आणि समोरच्या माणसाकडे एकतर फोन नसणार, किंवा ऑपरेटरला तो विचारायला वेळ नसणार. त्या साडेसात लाखांची नोंद ‘मोबाइलवर पाठवली’ तर ती जाणार कुठे?

फोन असला तरी तो कुणाचा, हा पुढचा प्रश्न. घरात एक फोन, आणि तो नवऱ्याकडे किंवा थोरल्या मुलाकडे. बायकोने गर्भपात केला, सुनेची क्षयाची औषधं चालू झाली, मुलीने मनाच्या आजारासाठी डॉक्टर गाठला, आणि संदेश आला सासऱ्यांच्या फोनवर. ज्या नोंदीने बळ यायचं तीच गळ्याशी येते. ओटीपी तर किती घरांत शेजारच्या शिकलेल्या पोराला किंवा फॉर्म भरून देणाऱ्याला वाचून दाखवला जातो. म्हणून मोबाइल हे एक दार असावं, एकमेव दार नव्हे. डिस्चार्जच्या छापील कार्डावर क्यूआर कोड असावा, म्हणजे फोन नसलेल्या माणसाची नोंद पुढचा डॉक्टर त्याच्यासमोर, त्याच्या होकाराने उघडू शकेल. संदेशात आजाराचं नाव कधीच येऊ नये. एखादी नोंद झाकून ठेवायची सोय असावी, आणि ती विचारून द्यावी, खोल मेनूत लपवून नव्हे. म्हाताऱ्या आईची नोंद मुलगा बघणार असेल तर त्याने आईच्या नावाने आत शिरण्याऐवजी स्वतःच्या नावाने परवानगी घ्यावी. एस्टोनियात 2008 च्या अखेरीपासून देशव्यापी आरोग्य नोंद प्रणाली आहे. तिथे आपली नोंद कुणी, कधी उघडली हे नागरिकाला दिसतं. एवढी एक गोष्ट जरी उचलली तरी आगाऊ डोळ्यांना बराच चाप बसेल.

गोपनीयतेचा मुद्दा रुग्णाला नोंद न देण्याचं कारण म्हणून वापरला जातो, तेव्हा मला हसू येतं. सिंगापूरमध्ये 2018 साली 15 लाख रुग्णांची माहिती चोरीला गेली, त्यात पंतप्रधानांचीही होती. फिनलंडमध्ये 2020 मध्ये मानसोपचार केंद्राच्या नोंदी चोरून रुग्णांनाच खंडणीचे मेल आले. दिल्लीच्या एम्समध्ये 2022 च्या नोव्हेंबरमध्ये हल्ला झाला आणि बरेच दिवस कामकाज हाताने लिहून चाललं. यातली कुठलीही चोरी रुग्णाच्या खिशातल्या फोनमधून झालेली नाही. ढीग जिथे साठतो तिथे चोर जातो. जर्मनीची नवी नोंद सर्वांसाठी सुरू व्हायच्या तोंडावर, 2024 च्या डिसेंबरमध्ये, केऑस कॉम्प्युटर क्लब या तिथल्या हॅकरांच्या संघटनेच्या अभ्यासकांनी तिच्यातली भगदाडं जाहीर दाखवली, हे देशाचं भाग्यच म्हणायचं. एक धोका मात्र रुग्णाच्या बाजूचाही आहे. नोंद परक्या ॲपमध्ये गेली की पुढे काय? अमेरिकेत आरोग्य माहितीच्या गोपनीयतेचा 1996 चा कायदा रुग्णालयाला आणि विमा कंपनीला लागू होतो, रुग्णाने निवडलेल्या बहुतेक ॲपना होत नाही. 2023 मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने औषधांवर सवलत शोधून देणाऱ्या गुडआरएक्सला 15 लाख डॉलरचा दंड लावला, कारण वापरणाऱ्यांची आरोग्याची माहिती फेसबुक आणि गुगलपर्यंत पोचवली गेली होती. त्यामुळे सार्वजनिक विम्याने स्वतःचं साधं, जाहिरातमुक्त ॲप द्यावं, आणि बाहेरच्या ॲपना तोच कायदा लावावा जो रुग्णालयांना आहे.

डॉक्टरांची शंका वेगळी असते. रुग्ण घाबरेल, चुकीचा अर्थ लावेल, फोन करकरून हैराण करेल. हिचं उत्तर प्रयोगाने मिळालं आहे. 2010 मध्ये बॉस्टन, ग्रामीण पेनसिल्व्हेनिया आणि सिएटल इथल्या शंभराहून अधिक डॉक्टरांनी आपली टिपणं रुग्णांना वाचायला खुली केली. वर्षाअखेरी 99 टक्के रुग्णांना हे चालू राहावं असं वाटत होतं आणि एकाही डॉक्टरने ते बंद केलं नाही. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, टिपणं वाचणाऱ्या रुग्णांपैकी सुमारे पाचातल्या एकाला त्यात चूक सापडली होती, आणि अशांपैकी चाळीस टक्क्यांच्या आसपास लोकांना ती चूक गंभीर वाटली. उजव्याच्या जागी डावा, नसलेला मधुमेह, बंद केलेलं औषध चालू. ही चूक डॉक्टरांना एकट्याने सापडली नसती.

तरी या पाहण्यांवर भाळून जाऊ नये. त्यात उत्तरं देणारे लोक शिकलेले, पोर्टल वापरणारे, नोंदीची भाषा येणारे होते. सरकारी विम्याच्या रुग्णापुढे ‘बायोप्सी निगेटिव्ह’ असं आलं तर निगेटिव्ह म्हणजे वाईट, असं समजून तो रात्रभर तळमळेल. शुक्रवारी संध्याकाळी कर्करोगाचा रिपोर्ट फोनवर येतो आणि डॉक्टर सोमवारी भेटणार असतात, ही वेळही खरीच येते. अशा निवडक रिपोर्टांना एक-दोन दिवस थांबवायला माझी हरकत नाही, मात्र थांबवायचं की नाही हे रुग्णाला आधी विचारलेलं असावं. आणि प्रत्येक डिस्चार्जला रुग्णाच्या भाषेत पाच-सहा ओळी हव्यात. काय झालं होतं, काय केलं, कोणती औषधं किती दिवस, पुन्हा कधी यायचं, काय झालं तर लगेच धावायचं. चाळीस पानांच्या स्कॅन केलेल्या फाइलपेक्षा या ओळी जास्त जीव वाचवतील. क्लेमची अट याच ओळींना लावली तरी मी खूश होईन.

मी सुचवतोय त्या उपायाचं एक दुखणं मीच सांगतो. क्लेमचे पैसे वेळेवर मिळत नाहीत ही अनेक रुग्णालयांची रास्त तक्रार असते. तिथे आणखी एक अट म्हणजे पैसे अडवायला आणखी एक निमित्त, आणि त्याचा राग शेवटी रुग्णावर निघणार. ‘योजनेचे बेड भरलेत’ हे वाक्य मग जास्त ऐकू येईल. यावर उपाय एकच, अट माणसाच्या सहीवर ठेवू नये. डिस्चार्जचा कागद आणि रिपोर्ट रुग्णाच्या खात्यात पडले की यंत्रणेने आपोआप खूण करावी, बाबूने नाही. विमा यंत्रणेचा सर्व्हर बंद असेल तर दोष तिचा, रुग्णालयाचा पैसा थांबू नये. रुग्णाने ‘मला खातं नको’ म्हटलं तर छापील प्रत देऊन तेवढीच खूण. आणि ठरलेल्या दिवसांत पैसे न आल्यास सरकारने व्याज द्यावं. अट दोन्हीकडून बांधली तरच टिकते.

सगळं एकदम करायचीही गरज नाही. मी असतो तर डायलिसिसपासून सुरुवात केली असती. हा रुग्ण आठवड्यातून दोन-तीनदा येतो, वर्षानुवर्षं येतो, आणि प्रत्येक वेळी क्लेम पडतो, म्हणजे नोंदीचा प्रवाह आधीच वाहता असतो. त्याला लागणारी माहितीही मोजकी असते. पाणी काढल्यावरचं योग्य वजन किती, हातातला फिस्चुला, म्हणजे सुई लावायला जोडून केलेली रक्तवाहिनी, कोणत्या बाजूला, रक्त पातळ ठेवायचं औषध किती, कावीळ बी-सी आणि एचआयव्हीचे रिपोर्ट कधीचे, शेवटचं हिमोग्लोबिन किती. आज हा माणूस नात्यातल्या लग्नालाही परगावी जाऊ शकत नाही, कारण तिथलं केंद्र हे सगळं विचारतं आणि उत्तरं त्याच्या नेहमीच्या केंद्रातल्या रजिस्टरमध्ये असतात. त्या पाच-सहा ओळी त्याच्या फोनवर आणि खिशातल्या एका कार्डावर आल्या, की तो सकाळच्या गाडीने निघू शकतो आणि दुपारी तिथल्या मशीनवर बसू शकतो.